आजीच्या बटव्यातली दुहेरी गाठ

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरी माळ्यावरून एक जुनी सहाण खाली उतरते. ती स्वच्छ धुतली जाते, उन्हात वाळते आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून वर जाते. घासून घासून तिच्या मधोमध बशीसारखा खोलगटपणा आला आहे. ही सहाण माझ्या आजीची, म्हणजे आईच्या आईची. तिच्याबरोबर आलेला खणाचा बटवा आता विरला आहे. पण त्याची आठवण मात्र अजून चांगली घट्ट आहे.

आमचे आजोळ जवळा बाजार. औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव माझ्या लहानपणी परभणी जिल्ह्यात होते. 1999 साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते हिंगोलीत मोडते. आजीचे बालपण गेले निजामाच्या राजवटीत. त्या काळी रात्री-अपरात्री लेकरू तापले तर परभणीचा डॉक्टर गाठायचा कसा? बैलगाडी जुंपून होईतो उजाडायचे. तेव्हा अंगणातला अडुळसा, कडुनिंबावर चढलेली गुळवेल, बांधावरची निरगुडी आणि खणाचा बटवा हाच घरचा दवाखाना.

बटव्यातल्या पुरचुंड्या मी लहानपणी कितीदा तरी सोडल्या असतील. सुंठ, ओवा, हिरडा, ज्येष्ठमध, वेखंड, मुरडशेंग, जायफळ. त्या सगळ्या एकेरी गाठीच्या. तळाशी मात्र एक काळपट चिंधी असे. तिला दुहेरी गाठ. तिला हात लावला की एरवी कधी न रागावणारी आजी डोळे वटारून म्हणे, "ती ठेव खाली. ती तुझी नव्हं." त्या दुहेरी गाठीचा अर्थ मला कळला तो पुढे पंचवीस वर्षांनी, आणि तोही स्वतःच्या पोटच्या पोरीवर प्रसंग आल्यावर.

एका वेढ्याची गोष्ट

सन 2006 मधली गोष्ट. बाळंतपण माहेरी उरकून मी पुण्याला परतले होते. लेक चार महिन्यांची. नोकरी पुन्हा सुरू झालेली, घरात दुसरे माणूस नाही, आणि टेबलावर उत्तरपत्रिकांचा ढीग. पोर रात्री बारा-बारा वाजेपर्यंत किरकिर करी. आजीने येताना सहाण आणि गुटीची पुरचुंडी दिली होती. सांगितलेही होते, "प्रत्येकाचा एकेक वेढा. जायफळाचा अर्धा."

अर्ध्या वेढ्याने पोर जरा लवकर निजते, असे माझ्या लक्षात आले. मग एका रात्री मी एक वेढा दिला. पुढच्या आठवड्यात दोन. एका शनिवारी, पन्नास उत्तरपत्रिका तपासावयाच्या होत्या म्हणून, मी चांगले चार-पाच वेढे उगाळले. मोजलेही नाहीत.

पोर निजली. पेपर तपासून झाले. पहाटे दुधासाठी उठवू लागले तर ती डोळे उघडीना. उचलली तर मान टाकली. तोंड कोरडे, छाती धडधडते आहे. रिक्षाने दवाखाना गाठेपर्यंत मी कोणत्या देवाला काय बोलले ते आता आठवत नाही. डॉक्टरांनी दिवसभर आणि रात्रभर तिला नजरेखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती रडली, आणि ते रडणे ऐकून मीही रडले. डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाई, तुम्ही जायफळ स्वयंपाकघरातले समजता. या वयाला ते औषध आहे, आणि जास्त झाले की विष आहे." जायफळात मायरिस्टिसिन नावाचे द्रव्य असते. प्रमाणाबाहेर गेले की गुंगी येते, तोंड कोरडे पडते, नाडी जलद चालते, मोठ्या माणसालाही भ्रम होतो. बासुंदीवर किसलेल्या चिमटीने यातले काही होत नाही. पण बासुंदी खाणारा माणूस पाच किलोंचा नसतो.

संक्रांतीला जवळा बाजारला गेले तेव्हा आजीला सारे सांगितले. तिला वाटेल की मी तिच्या औषधाला दोष देते आहे, अशी धास्ती होती. तिने एकच प्रश्न विचारला, "वेढा कसा दिलास? दाखव." मी सहाणेवर जायफळ दाबून मोठे वर्तुळ काढले. तिने ते माझ्या हातातून घेतले, बोटाच्या पेराएवढे लहान वर्तुळ काढले, तेही वरच्यावर, जणू सहाणेला नुसता स्पर्श करीत. तिचा वेढा आणि माझा वेढा! माझ्या एकात तिचे पाच-सहा तरी बसले असते. "माझ्या सासूनं माझा हात धरून शिकवलं," ती म्हणाली. "तुला मी तोंडानं सांगितलं. चूक माझी हाय, माय. आन् आणखी एक ध्यानात ठेव, गुटी लेकराच्या पोटासाठी असती. आईच्या झोपंसाठी नसती."

घरगुती औषधांविषयी मी पुढे बरेच वाचले. पण याहून नेमके वाक्य मला कुठे भेटले नाही. आपण शहरातल्या माणसांनी आजीबाईच्या बटव्यातली औषधे उचलली, पण आजीबाईचा हात काही आपल्याबरोबर आला नाही. माप त्या हातात होते.

नावे सारखी, गुण निराळे

मराठीची अध्यापिका म्हणून मला शब्दांचे वेड. औषधांच्या बाबतीत मात्र शब्द पुष्कळदा दगा देतात. 'अतिविष' हे नाव ऐकून कोणीही दचकेल, पण गुटीत पडणारी ही कडू मुळी विषारी नाही. तिचाच सख्खा भाऊ शोभणारा बचनाग मात्र जीवघेणा. दोन्ही एकाच कुळातली, हिमालयात होणारी. बाळंतिणीला देतात तो बाळंतबोळ, म्हणजे हिराबोळ, हा एका झाडाचा डिंक. आणि काळाबोळ हा कोरफडीचा वाळवलेला चीक, जबर रेचक. दुकानात नुसते "बोळ द्या" म्हटले तर काय हाती येईल? ब्राह्मी म्हणून महाराष्ट्रात दोन वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, आणि दोघींचेही गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते.

चरकसंहितेत या बाबतीत एक मार्मिक विचार आहे. रानात हिंडणारे गुराखी आणि मेंढपाळ वनस्पतींना नावाने व रूपाने ओळखतात. पण नाव-रूप कळले म्हणजे उपयोग कळला असे नव्हे. त्याच ग्रंथाचे आणखी एक सांगणे असे की युक्तीने वापरलेले विषही औषध होते आणि अयुक्तीने वापरलेले औषधही विष होते. आपल्याकडे शंकर दाजी शास्त्री पदे यांनी 'वनौषधी गुणादर्श' आणि 'आर्यभिषक्' असे मोठे ग्रंथ मराठीत लिहिले ते याच हेतूने, की सामान्य घरातही वनस्पतीची नीट ओळख असावी. याच पदेशास्त्र्यांनी 1907 साली नाशिकला वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन उभे केले.

म्हणून पहिला नियम असा: ओळख पटल्यावाचून पान तोडू नये. फोटो पाहून तर मुळीच नाही. जाणत्या माणसाला ताजी फांदी, पान, फूल दाखवून घ्यावे. सुके द्रव्य घ्यावयाचे तर भरवशाच्या काष्ठौषधीच्या दुकानातून, पूर्ण नाव सांगून, आणि शक्यतो अख्खे घ्यावे. पुडीतल्या चूर्णाचे पूर्वरूप कोण ओळखणार?

गुंज, मासा, तोळा आणि आपला चमचा

आजीने मामांकडून लिहवून घेतलेली एक वही माझ्यापाशी आहे. तीत सारी मापे जुनी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा म्हणजे आजचे सुमारे 11.66 ग्रॅम, तेव्हा मासा जवळजवळ एक ग्रॅम आणि गुंज सुमारे 120 मिलिग्रॅम. वहीत "दोन मासे" लिहिले असेल तर ते दोन ग्रॅम. आपण त्याचा अर्थ "दोन चमचे" असा केला तर मात्रा कुठल्या कुठे जाते. सुंठीच्या बाबतीत त्याने छातीत जळजळ होईल. दुसऱ्या एखाद्या द्रव्याच्या बाबतीत इस्पितळ गाठावे लागेल.

औषध करण्याच्या जुन्या रीती पाच: अंगरस, कल्क म्हणजे वाटून केलेली चटणी, काढा, हिम आणि फांट. शार्ङ्गधरसंहितेने काढ्याचे प्रमाण घालून दिले आहे. एक भाग भरड, सोळा भाग पाणी. उघड्या भांड्यात मंद आचेवर आटवून आठवा हिस्सा उरवावयाचा. फांटासाठी चौपट कढत पाणी ओतून झाकून ठेवावयाचे व गाळावयाचे. हिमासाठी सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजत घालावयाचे. यामागे व्यवहार आहे. मुळे, साली, लाकूड यांचा अर्क उकळल्याशिवाय उतरत नाही, म्हणून त्यांचा काढा. तुळस, गवती चहा, पुदिना यांचा गुण वासात. ती खळखळ उकळली की गुण वाफेबरोबर स्वयंपाकघरभर पसरतो आणि पेल्यात नुसते हिरवट पाणी उरते. त्यांना फांटच बरा.

2020 च्या एप्रिलमध्ये, साथीच्या दिवसांत, आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्यावा असे सुचविले होते. आमच्या इमारतीत काही घरी तो चहासारखा दिवसभर चुलीवर असे. महिनाभरात कोणाचे तोंड आले, कोणाला पित्ताने हैराण केले. "एक-दोनदा" हे शब्द कोणी वाचलेच नव्हते. अति तेथे माती, ही म्हण काढ्यालाही लागू आहे.

गृहिणींनी, आणि आता स्वयंपाकघरात शिरलेल्या गृहस्थांनीही, एवढी पथ्ये पाळावीत:

काढ्याला स्टीलचे, काचेचे किंवा मातीचे भांडे घ्यावे. तांब्यापितळेचे बिनकल्हईचे भांडे व ॲल्युमिनियम टाळावे.

काढा, रस आणि उगाळलेले औषध ताजे करावे व त्याच दिवशी संपवावे. उरलेले फ्रिजमध्ये जपण्याचा मोह नको.

जुने जायफळ, बदाम, खारीक यांना बुरशी धरते. ती खरवडून वापरू नये; वस्तूच टाकून द्यावी. सहाण वापरानंतर धुऊन कडक वाळवावी.

एका वेळी एकच औषध करावे. पाच औषधे एकत्र केली आणि अंगावर पुरळ उठले तर दोष कोणाचा हे वैद्यालाही सांगता यावयाचे नाही.

तीन ओळखीची झाडे

अडुळशाचे उदाहरण घ्या. खोकल्यासाठी पिकली पाने वाफवून रस काढण्याची चाल जुनी आहे, आणि खोटी नाही. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे आजचे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. पण हेच द्रव्य गर्भाशयाचे आकुंचन करते. म्हणून गर्भवतीला अडुळसा नको. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा अधिक रेंगाळला, थुंकीतून रक्त आले, वजन घटू लागले, तर रस बाजूला ठेवून थुंकी तपासून घ्यावी. क्षय घरच्या औषधाने बरा होत नाही.

कोरफड कुंडीत सर्वांच्याच असते. पान कापले की सालीखालून पिवळा चीक गळतो. तो रेचक आहे. गर्भवतीला व मुलांना विशेष अपायकारक. पान कापून थोडा वेळ उभे ठेवावे, चीक निथळू द्यावा, साल जाडसर काढून आतला गर दोन-तीन पाण्यांनी धुवावा. हा गर किरकोळ भाजल्यावर लावण्यास ठीक. पण आधी भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली चांगला वीस मिनिटे धरावा.

हळदीविषयी तर आमच्या हिंगोलीकरांनी काय सांगावे! माघ-फाल्गुनात जवळा बाजार, वसमत या भागात शिरलात तर हळद शिजवल्याचा वास दूरवरून येतो. कंद काढावयाचे, शिजवावयाचे, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवावयाचे, मग ढोलात फिरवून चकाकी आणावयाची, तेव्हा कुठे हळकुंड तयार होते. जखमेला हळद लावण्याच्या गुणावर अमेरिकेत 1995 साली चक्क पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुराव्याला लावून त्याला आव्हान दिले आणि 1997 साली ते रद्द झाले. आजीच्या बटव्याचा हा मोठाच विजय.

पण त्याच हळदीचे सत्त्व काढून, ते अंगात अधिक मुरावे म्हणून मिऱ्याच्या सत्त्वाबरोबर गोळीत भरले की गोष्ट निराळी होते. अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या घटना इटलीत 2019 साली नोंदल्या गेल्या. 'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण उतावळेपणावर आहे, आणि हा उतावळेपणा आता डबीत मिळू लागला आहे. भेसळीचेही भय आहे. रंग खुलावा म्हणून हळदीत शिसेयुक्त पिवळा रंग मिसळल्याचे बांगलादेशात 2019 साली उघडकीस आले. अख्खे हळकुंड आणून घरी किंवा ओळखीच्या गिरणीत दळून घेतले, तरी हे भय पुरते टळत नाही.

दुहेरी गाठ सोडू नये

आता त्या काळपट चिंधीकडे वळू. तीत होते बिब्बे. परीट पूर्वी कपड्यांवर खुणा करीत ते याच्याच तेलाने. मराठीत "बिब्बा घालणे" म्हणजे चांगल्या कामात मोडता घालणे. हा वाक्प्रचार का पडला असेल हे ज्याच्या कातडीला बिब्ब्याचे तेल लागले त्याला सांगावे लागत नाही. आग, फोड, सूज, आणि कित्येकदा आयुष्यभराचा डाग. आतली गोडंबी आपण लाडवात खातो, पण ती सालीतून सुटी करणे हे जाणत्या हाताचे काम. आयुर्वेदात बिब्बा वापरतात तो विटेच्या चुऱ्यात घोळून, शुद्ध करून. वैद्याने ते करावे, आपण नाही.

बचनाग, धोत्रा, गुंज, कण्हेर, कुचला, जमालगोटा, रुई ही सारी त्याच गाठीतली. ही माझी भीती नव्हे. औषधविषयक कायद्याच्या नियमांत आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादीच आहे. तीत ही नावे आहेत, आणि ज्या औषधात ती असतात त्यावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे असा इशारा छापावा लागतो. डबी घेताना तो वाचावा. चावलेल्या गुंजेचा एक दाणा लेकराला घातक ठरू शकतो. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात, त्यामुळे शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. असे काही घडले तर उलटी काढण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये. उरलेले पान किंवा बी पिशवीत घालून बरोबर घ्यावे आणि तडक इस्पितळ गाठावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

"नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?" हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये नेहमी विचारतात. उत्तरादाखल मी दोन उदाहरणे सांगते. 2010 साली दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाला दुधीचा कडू रस पिऊन प्राण गमवावे लागले. कडवट लागलेला दुधी किंवा काकडी टाकून द्यावी, हाच त्याचा धडा. दुसरे उदाहरण गुळवेलीचे. साथीच्या काळात ती घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे त्यांनी लक्ष वेधले. वाद तज्ज्ञांचा आहे. आपल्यापुरते एवढे पुरे की ओळख चुकली किंवा महिनोन्महिने नेमाने घेतली, तर गुळवेलही निर्धोक धरू नये. ज्येष्ठमध रोज बराच काळ घेतल्याने रक्तदाब वाढतो. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल, तर घरात काय काय घेतो ते डॉक्टरांना न लाजता सांगावे.

आणि बाळगुटी?

तरुण आया मला हे हमखास विचारतात. माझे उत्तर सरळ आहे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपले बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. एक वर्षापर्यंत मध चाटवू नये. त्यातून क्वचित एका जंतूचे विष बाळाच्या अंगात तयार होते आणि ते जिवावर बेतते. तेव्हा गुटीची सहाण मी माळ्यावर ठेवली आहे. आजीची दुसरी परंपरा मात्र चालू ठेवावी: रडणारे लेकरू मांडीवर घेऊन, तळपायाला तेल लावून, धीराने बसण्याची. त्या औषधाला माप लागत नाही.

परवा माझी लेक, हीच ती जायफळाची लेक, आता कॉलेजात आहे, हळदीच्या सत्त्वाची एक डबी मागवून घरी आली. "आई, हे तर आपल्याच हिंगोलीचं सोनं आहे," म्हणाली. मी तिला माळ्यावरून सहाण काढावयास लावली. एक हळकुंड दिले. मागे उभी राहून तिचा हात धरला आणि पेराएवढा, वरच्यावर, एक वेढा काढून दाखवला. सहाणेवर पिवळी रेघ उमटली, ती नखाने उचलण्याइतकीच. "एवढंच?" तिने विचारले.

"एवढंच," मी म्हटले. डबी तिने आपण होऊन परत पाठवली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की आमच्याकडे तुळशीपाशी डाव्या अंगठ्याने कारीट चिरडतात आणि त्या कडूचा नुसता स्पर्श जिभेला करतात. कारीट खात कोणीच नाही. कडूचा मान राखावयाचा, पण स्पर्शापुरताच, हे आपल्या वाडवडिलांनी सणात गुंफून ठेवले. आजीच्या दुहेरी गाठीतही तेच होते. यंदा उटणे लावताना ही गोष्ट घरातल्या मुलांना जरूर सांगा. आणि हात धरून सांगा.